कवटी छातीवर, धोका कानात

मागच्या महिन्यात ओळखीचे एक आडत व्यापारी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. खांद्यापर्यंत केस, मनगटावर काटे असलेला चामडी पट्टा, अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर भली मोठी कवटी. व्यापारी खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्याचं डोकं तपासा. पोरगं हातचं गेलं."

"काय होतंय त्याला?"

"शर्टावर काय लिहिलंय ते वाचा की. भयानक मौत! सणासुदीला घरात हे घालून फिरायलाय. दिवसभर कानात ती किंचाळी. मुंबईला जाऊन, पैसे मोजून, हेच ऐकून आला."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "काका, ते बँडचं नाव आहे. मुंबईचाच बँड आहे."

मुलाला मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप व्यवस्थित, जेवण व्यवस्थित, अभ्यासात मागे नाही, मित्र आहेत, व्यसन नाही. मग त्या संगीताचीही चौकशी केली. त्याने जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते आपल्यासारख्या पालकांना माहीत असावे म्हणून हा लेखप्रपंच. दोघांच्या संमतीने लिहीत आहे.

या संगीताला हेवी मेटल म्हणतात. त्याचा जन्म इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या गावातला. तेथे टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबायची नेमकी तीच बोटे. गिटार सुटल्यातच जमा होती. पण या गड्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे तारा सैल करून वाजवू लागला. सैल तारांचा आवाज खर्जातला, जड आणि घुमणारा निघाला. १९७० साली त्यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी आली आणि एका कामगाराच्या अपघातातून आलेला हा आवाज जगभर गेला. या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न २०२५ च्या जुलैमध्ये वारला. मरणाच्या अडीच आठवडे आधी, कंपवाताने चालता येत नसताना, त्याने खुर्चीत बसून गावकऱ्यांसमोर शेवटचा कार्यक्रम केला. त्या कार्यक्रमाचा नफा कंपवाताच्या संशोधनासाठी आणि लहान मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवला होता. राक्षसांचे संगीत म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्याची ही गोष्ट.

आता त्या कवट्या आणि काटे. काळे चामडे आणि खिळ्यांचे पट्टे हा पोशाख १९७० च्या दशकाच्या अखेरीस जुडास प्रीस्ट या बँडच्या रॉब हॅलफर्डने आणला. आयर्न मेडन या बँडच्या प्रत्येक तबकडीवर एडी नावाचा एक सांगाडा असतो. त्याचा मुखवटा आणि बाहुला पाहायलाच पोरे जमतात. आणि पहिले व शेवटचे बोट वर करून जी शिंगाची खूण ही मुले करतात, ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने. त्याची आजी इटालियन होती. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून ती ही खूण करी, असे तो सांगत असे.

वाचकहो, हे ऐकून मला तर घरचीच आठवण झाली. आपल्याकडे बाळाला काजळाची तीट लावतात, बांधकामावर राक्षसाचा मुखवटा टांगतात, ट्रकच्या मागे काळी बाहुली लोंबते. आपल्या रामलीला मैदानावर दसऱ्याला दहा तोंडांचा रावण उभा राहतो तेव्हा आपण लेकरांना खांद्यावर बसवून दाखवतो. त्या सुळ्यांनी लेकरे बिघडतात असे कोणी म्हणत नाही. भीतीला चेहरा दिला की भीती कमी होते, हे आपल्या पूर्वजांना चांगले माहीत होते.

"पण इतकं आरडाओरड ऐकून डोकं भडकत नाही का?" हा त्या वडिलांचा प्रश्न रास्त होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २०१५ साली याचाच प्रयोग झाला. असले संगीत आवडीने ऐकणाऱ्या ३९ तरुणांना आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग काहींना त्यांचे संगीत ऐकू दिले, काहींना शांत बसवले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांइतकेच तेही निवळले. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण शर्टावरून मुलाच्या मनाचे निदान करू नये, एवढे खास. मूल झोपत नाही, जेवत नाही, खोलीबाहेर येत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलते, तेव्हा मात्र त्याने भजन ऐकत असले तरी दुर्लक्ष करू नका. शासनाचा टेलिमानस क्रमांक १४४१६ अशा वेळी फुकट उपलब्ध आहे.

मग या छंदात धोका काहीच नाही का? आहे, आणि तो मानेत आहे व कानात आहे.

तालावर मान जोरजोराने वरखाली हलवायची, याला हेडबँगिंग म्हणतात. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन संशोधकांनी त्याचा हिशेब मांडला. गाण्याचा वेग मिनिटाला १४६ ठोक्यांच्या आसपास असेल आणि मान ७५ अंशांहून जास्त फिरत असेल, तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते. स्लेअर या बँडच्या टॉम अराया या गायकाला २०१० साली मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया करावी लागली आणि मान हलवणे कायमचे सोडावे लागले. २०१४ साली लॅन्सेटमध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी पन्नास वर्षांच्या एका गृहस्थाची हकिगत दिली. कार्यक्रमात मान हलवल्यानंतर त्यांच्या मेंदूवर रक्त साकळले होते. अर्थात असे क्वचितच होते. त्या मुलालाही मी सांगितले, की मान कमी आणि खांदे जास्त हलव.

कानाची गोष्ट मात्र क्वचितची नाही. आपल्या आतल्या कानात, प्रत्येक बाजूला, सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. ज्वारीच्या उभ्या पिकातून माणूस एकदा गेला तर ताटे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. गाडीच घातली तर मोडतात. कानाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की रान पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते, कानात पेरणी जन्मात एकदाच होते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० ला ४ तास. १०० डेसिबलला आठवड्याची सगळी शिदोरी २० मिनिटांत संपते.

मी मुलाला विचारले, "अरे, मग मुंबईच्या कार्यक्रमानंतर कान वाजले का?" त्याने खिशातून एक छोटी डबी काढली. आत फोमची नारिंगी बुचे. "काका, हे घातल्याशिवाय आम्ही आत जात नाही. पुढच्या रांगेत जास्त वेळ थांबत पण नाही. मेटॅलिकाच्या ड्रमरचे कान कायमचे वाजतात, हे आम्हाला माहीत आहे."

हे बोलणे चालू असताना वडील मध्येच म्हणाले, "काय म्हणला? जरा मोठ्यानं बोल."

मी थबकलो. मग दोघांचीही एक साधी परीक्षा घेतली. पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहायचे, एक कान झाकायला लावायचा आणि कुजबुजत आकडे बोलायचे. रुग्णाने ते परत म्हणायचे. मुलाने सगळे आकडे बिनचूक सांगितले. वडिलांचे निम्मे चुकले. पुढे कानाची यंत्रावरची तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांचे बारीक, उंच आवाज गेलेले निघाले. स, श, फ ही अक्षरे याच उंच आवाजांत असतात, म्हणून बोलणे ऐकू येते पण कळत नाही. हळदीच्या बिटात "तेरा हजार सातशे" की "आठशे" हे त्यांना वर्षभरापासून मुनिमाला विचारावे लागत होते. कुणाला सांगितले नव्हते. लाज वाटत होती.

कारण विचारले तर ते हसून म्हणाले, "वीस वर्षं झाली, मिरवणुकीत पुढं मीच असतो."

वाचकहो, इथे मला माझाही कबुलीजबाब द्यायला हवा. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या वरातीत डीजेच्या गाडीपाशी दोन तास उभा होतो. नातेवाईकांचा मान म्हणून हललो नाही. तीन दिवस कान वाजत होते. उजवा थांबला. डाव्या कानात तेव्हापासून एक रातकिडा बसला आहे. रात्री सगळे शांत झाले की तो सुरू होतो. त्यावर कायमचा उतारा नाही, हे डॉक्टर म्हणून मला ठाऊक आहे आणि रुग्ण म्हणूनही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. परक्या आवाजाला आपण नीतीच्या तराजूत तोलतो आणि आपल्या आवाजाला कुठल्याच तराजूत घालत नाही. कानाला यातले काही कळत नाही. गिटार असो, ढोल असो की भक्तिगीत असो, तो फक्त डेसिबल मोजतो. मुंबईत धोबी तलावला रंगभवन हे खुले नाट्यगृह होते. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा कार्यक्रम होई आणि काळ्या शर्टवाल्यांची ती पंढरीच होती. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय. सन २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले, रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि तिथले असले कार्यक्रम बंद पडले. त्या पोरांना ते लागले, पण त्यांनी जागा बदलली. तोच नियम आपल्या गावातही लागू आहे. आपली वरात रुग्णालयावरून जाताना आवाज कमी करते का, याचे उत्तर ज्याने त्याने मनाशी द्यावे.

"वर्षातून एकदाच तर असते," असे कोणी म्हणेल. पण लग्नसराई, जयंत्या, विसर्जन आणि निवडणुकीचा विजय मोजला तर एकदाच कुठे राहते? आणि मोडायला एक रात्रही पुरते. मिरवणुका बंद करा असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी जे सुचवले आहे, तेच आपण पाळू: आवाज सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, तो मोजणारा माणूस हवा, बुचे मिळायला हवीत आणि कानाला विसावा देणारी जागा हवी. एखाद्या मंडळाने यंदा एवढे केले तरी मी वर्गणी दुप्पट देईन.

तोवर आपल्या हातात आहे ते असे. कानात कापसाचे बोळे घालून उपयोग नाही, ते आवाज फारसा अडवत नाहीत. औषध दुकानात फोमची बुचे मिळतात. बूच बोटांनी वळून बारीक करा, कान वर आणि मागे ओढा, बूच आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. आवाजाच्या भिंतीपासून लांब उभे राहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. तासातून एकदा बाजूला जा. तान्ह्या बाळाला आणि लहान मुलांना गाडीजवळ नेऊच नका. मोबाइलचा आवाज निम्म्याच्या थोडाच वर ठेवा. कार्यक्रमानंतर कान वाजले तर पुढचे दोन दिवस शांततेत काढा. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर तेल-लसूण घालत न बसता दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. त्या मुदतीत उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

त्या व्यापाऱ्यांचे गेलेले ऐकणे परत येणार नाही. श्रवणयंत्र घ्या म्हटले तर "लोक काय म्हणतील" म्हणून अजून घोळ चालू आहे. पण परवा बाजारात भेटले तेव्हा त्यांनीच सांगितले, सुट्टीत पोरगा बिटाला शेजारी उभा राहतो आणि भाव कानाशी परत सांगतो. मी विचारले, "अंगात कोणता शर्ट असतो?"

ते म्हणाले, "कवटीचाच. राहू द्या. दृष्ट तरी लागत नाही."