नाबोथाचा मळा आणि आपली सहल

सुट्टी लागली, की धर्मग्रामांतून सहलींचे बेत होऊ लागतात. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे आपले जुने आवडते ठिकाण. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य 'सर्वांचे' आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. या 'सर्वां'मध्ये तेथील वारली आणि कातकरी येतात काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

"तिकीट काढावे आणि आत यावे, मज्जाव कोणाला आहे?" असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांस लाजिरवाणे वाटते. ज्यांचे कित्येक पाडे उद्यानाच्या सीमा आखण्यापूर्वीपासून तेथे आहेत, त्यांना पाहुणे ठरविणे हा कसला समावेश? वारल्यांची चित्रे आपल्या भिंतींवर हवीत, त्यांचा तारपा आपल्या सोहळ्यांत हवा. मात्र तेच वारली लाकूडफाटा वेचताना दिसले, की आपल्याला अतिक्रमण आठवते! याला आम्ही दांभिकपणा म्हणतो.

रानावर पहिला हक्क वन्य प्राण्यांचा, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु बिबट्याच्या शेजारी राहून वाघोबाला पूजणाऱ्यांनी रान नासवले, आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकून परतणाऱ्या आपण ते राखले, असे कोण म्हणेल? २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे निवासाचे आणि गौण वनोपजाचे हक्क राष्ट्रीय उद्यानांतही मान्य केले आहेत.

जुन्या करारातील अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तोही भाजीपाल्याच्या बागेसाठी! राजवाड्यालगत हिरवळ असावी, या हौसेपायी एका निरपराध्याचा बळी गेला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मूलनिवासींच्या भूमीविषयी प्रथम त्यांच्याशीच संवाद व्हावा, असे बजावले आहे.

म्हणून उद्यानाच्या कारभारात पाड्यांचा शब्द चालला पाहिजे. वाटा दाखविण्याचे, झाडे-पाखरे ओळखून देण्याचे काम योग्य मोबदल्यासह प्रथम त्यांच्या तरुणांना मिळाले पाहिजे.

आणि आपण? पाड्यावरच्या मुलांना आपल्यापुढे नाचवायचे आणि उरलेला खाऊ वाटायचा, ही रीत आता पुरे. पाड्यावर जाण्यापूर्वी तेथील वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यांच्यातलाच वाटाड्या घ्यावा, त्यांची मुले आपल्या मुलांच्या पंगतीला बसवावीत. युवक संघटनांनी येत्या सहलीपासूनच हा आरंभ करावा, असा आमचा आग्रह आहे.