सत्तावीस रुपयांचा फरक

१९८३ साली मी बँकेत चिकटलो, तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. कॅल्क्युलेटर एक होता आणि तो अकाउंटंटसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असे. दुसऱ्याच आठवड्यात माझे लेजर जुळेना. फरक सत्तावीस रुपयांचा. संध्याकाळचे सात वाजलेले, शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवीत दारात उभा. मी काकुळतीला येऊन साहेबांसमोर गेलो. मान वर न करता त्यांनी विचारले, "सत्तावीसला नवाने भाग जातो का?" जातो म्हटले. "मग जा, सापडेल," म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

सापडायला दीड तास लागला. बावन्न रुपयांच्या व्हाउचरची नोंद मी पंचवीस अशी केली होती. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो, हे मला त्या रात्री कळले आणि जन्मभर पुरले. शेवटची एसटी चुकली ती गोष्ट वेगळी. साहेबांना ती चूक दोन मिनिटांत काढून देता आली असती.

पुढे मी मॅनेजर झालो तेव्हा मात्र हे शहाणपण माझ्या हातून सुटले. मला लवकर घरी जाऊन लिहायला बसायचे असे, म्हणून हाताखालच्या मुलांचे फरक मीच झटपट काढून देत असे. मुले खूश, मी खूश. त्यांतल्या एकाची तीन वर्षांनी बदली झाली आणि नव्या शाखेतून पहिल्याच शनिवारी त्याचा फोन आला, "सर, फरक पडलाय. काय करू?" तीन वर्षे मी त्याला काय शिकवले, याचा हिशेब त्या एका वाक्यात होता.

हे सारे परवा आठवले ते माझ्या नातीमुळे. ती आठवीत आहे. गणिताचा फोटो काढायचा, टॅबलेटला दाखवायचा, की दहा सेकंदांत पायऱ्यांसकट उत्तर. मी नुसता बघत राहिलो. ती म्हणाली, "आबा, असे बघू नका. सगळे हेच करतात." सगळे हेच करतात हे मलाही ठाऊक आहे. यंत्राविरुद्ध ओरड करणाऱ्यांतला मी नव्हे. बँकेत संगणक येऊ नयेत म्हणून घोषणा देणाऱ्यांत मीही एकदा होतो आणि त्याची मला आजही लाज वाटते. प्रश्न एवढाच आहे, की हे यंत्र आमच्या अकाउंटंटसाहेबांसारखे आहे की माझ्यासारखे?

शिकवणारे यंत्र ही काही कालची कल्पना नव्हे. १९८४ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने मांडले, की एका मुलामागे एक शिक्षक असेल, तर साधारण वकुबाचे मूलही नेहमीच्या वर्गातल्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जाते. एवढा मोठा फरक पुढच्या अभ्यासकांना काही दिसला नाही. पण एका मुलामागे एक शिक्षक कोणत्या सरकारला परवडणार? मग ते काम यंत्राने करावे, या खटपटीला जोर आला. २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. नुसते शेवटचे उत्तर तपासणाऱ्या यंत्रांचा उपयोग बेताचाच. पण मुलाची एकेक पायरी पाहून तिथल्या तिथे टोकणारी यंत्रे मात्र माणसाच्या शिकवणीच्या जवळपास पोचली होती.

यातले मला सर्वांत आवडलेले काम त्याहून जुने, १९७८ सालचे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या चुका घेतल्या आणि दाखवले, की मुलांच्या अनेक चुका वेंधळेपणाच्या नसतात. अनेकदा ती एक चुकीचा नियम अगदी इमानदारीने पाळत असतात. तो नियम ओळखणारा प्रोग्रॅम त्यांनी केला. जुन्या लेजरवाल्या माणसाला याहून गोड बातमी कोणती? चुकीला कूळ असते, हे तर आम्ही रोज अनुभवत होतो.

आता दुसरी बाजू. तुर्कस्तानात गणिताच्या तासाला सुमारे हजार मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ साली छापून आले. काही मुलांना विचारेल ते सांगणारा आजचा बोलका प्रोग्रॅम दिला, काहींना तोच प्रोग्रॅम, पण उत्तर न सांगता फक्त इशारे देणारा, आणि काहींना नुसती वही-पुस्तके. सराव करताना पहिल्या गटाची कामगिरी वहीवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी सरस, दुसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट वहीवाल्यांच्याही १७ टक्के मागे पडला. इशारेवाल्यांचे तसे नुकसान झाले नाही. माझ्या त्या बदली झालेल्या मुलाचा फोन मला इथे पुन्हा ऐकू आला.

तेव्हा पालकांनी पैसे भरण्यापूर्वी एकच परीक्षा घ्यावी. विक्रेत्यासमोर बसून यंत्राला सांगावे, "मला येत नाही, उत्तर सांग." त्याने लगेच सांगितले, तर ते यंत्र घेऊ नये. (विक्रेता तुम्हाला ॲनिमेशन दाखवील. ते बघू नये.)

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही यंत्रे येतात आमच्या नातीकडे, जिची आई इंजिनिअर आहे. त्यांची गरज आहे ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला. तो सहावीत, महापालिकेच्या शाळेत. दिल्लीत २०१५ साली सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या मुलांवर 'माइंडस्पार्क' या आपल्याच देशात तयार झालेल्या प्रणालीचा प्रयोग झाला. ६१९ मुले, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना प्रवेश. सहावीतले मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते, नववीतले साडेचार. वर्गात गुरुजी नववीचे शिकवत होते आणि समोरची मुले चौथी-पाचवीत अडकलेली! यंत्राने प्रत्येकाला जिथे तो उभा आहे तिथून हात धरला. जोडीला पाऊण तास माणसाचीही शिकवणी होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही मुले ठळकपणे पुढे सरकली. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र ते दिसले नाही, कारण शाळा नववीचेच विचारत होती. यात नापास कोण झाले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि आपल्या मुलांच्या चुका आपल्या भाषेतल्या असतात. इंग्रजीत आधी पन्नास, मग दोन. आपण 'बावन्न' म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. २०१९ साली 'बालभारती'ने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असे म्हणण्याची सोय सुचवली, तेव्हा आपण किती चेष्टा केली! मीही एक खवचट लेख लिहिला होता. बावन्न हा शब्द टाकावा असे मला आजही वाटत नाही. पण मंगला नारळीकर आणि त्यांची समिती ज्या अडचणीकडे बोट दाखवत होती ती खरी होती, आणि मी, पंचवीस-बावन्नपायी एसटी चुकवलेला माणूस, ती ओळखू शकलो नाही. परदेशात इंग्रजीवर वाढलेल्या यंत्राला ही चूक कोण शिकवणार? ते काम इथल्या शिक्षकांना बसवून, त्यांच्याकडच्या तपासलेल्या वह्या गोळा करून करावे लागेल, आणि सरकारने त्याला पैसे द्यावेत. फुकट वाटलेल्या टॅबलेटपेक्षा ते स्वस्त पडेल.

मावशींचा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे बसतो. त्याच्या वहीत पाच वजाबाक्या होत्या आणि पाच लाल फुल्या. बासष्टातून अडतीस गेले, उत्तर छत्तीस. पाचही ठिकाणी तो मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढत होता, वरचा-खालचा न बघता. हातचा ही भानगड त्याच्या नियमात नव्हतीच. मी काही बोललो नाही. "लिही," म्हटले, "बावन्न वजा पंचवीस." त्याने बरोबर लिहिले आणि उत्तर काढले तेहेतीस.

मी नातीच्या कॅरमच्या सोंगट्या पुढे ठेवल्या. त्या पुरेनात, म्हणून स्वयंपाकघरातून मूठभर वाल आणले. त्याने बावन्न मोजले, पंचवीस बाजूला सारले, उरलेले मोजले. मग पुन्हा मोजले.

"आजोबा, सत्तावीस येतात."

"बरं."

"मग तेहेतीस कसे आले?"

नात दारात उभी राहून बघत होती. सांगायला तिने तोंड उघडले, तेवढ्यात मी तिला चहा टाकायला पिटाळले.