फोटो आधी, पेटी नंतर

नवा लॅपटॉप घ्यायला गेलात की दुकानात विचारतात, "विंडोज होम देऊ की प्रो?" पाठोपाठ क्लाउडच्या वर्षाच्या वर्गणीचा विषय निघतो. थोडं जास्त खर्चणारं गिऱ्हाईक दिसलं, तर घरात ठेवायच्या छोट्या सर्व्हरची, म्हणजे नॅसची पेटीही पुढे येते. मी संगणक दुरुस्तीचं काम करतो. विंडोज साधं आहे म्हणून हवालदिल झालेला माणूस माझ्याकडे आजवर आलेला नाही. डिस्क बंद पडली आणि लेकीच्या बारशाचे, गेलेल्या वडिलांचे फोटो तिच्यात अडकले, अशी माणसं मात्र दर महिन्याला येतात. त्यांच्यापैकी काहींना रिकाम्या हातानं परत पाठवावं लागतं. ते मला फार लागतं, म्हणून हे लिहितो आहे.

माझी विनंती अशी, की वस्तू आज जे करते तेवढ्याचेच पैसे द्या. पुढे काय काय मिळणार आहे, याचे देऊ नका.

जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज व्हिस्टा बाजारात आणलं. अमेरिकेत त्यातल्या होम प्रीमियमची पूर्ण प्रत २३९ डॉलरला होती आणि सर्वांत वरच्या अल्टिमेटची ३९९ डॉलरला. घरची नि कचेरीची सगळी साधनं अल्टिमेटमध्ये एकत्र होती, शिवाय एक वचन होतं. 'अल्टिमेट एक्स्ट्राज' नावाखाली या गिऱ्हाइकांना वेळोवेळी खास भर मिळत राहणार होती. आलं काय? एक पोकरचा खेळ आला. डिस्कच्या कुलपाची, म्हणजे एन्क्रिप्शनची, किल्ली जपून ठेवणारं एक छोटं साधन आलं. भाषांचे पॅक आले, तेही टप्प्याटप्प्यानं. पडद्याच्या पार्श्वभूमीला हलतं चित्र दाखवणारं ड्रीमसीन आधी अर्धवट रूपात आलं आणि पूर्ण व्हायला सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात उशिराबद्दल कंपनीला माफी मागावी लागली. २००८ मध्ये अल्टिमेटची किंमत ३१९ डॉलरवर आली, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये एक्स्ट्राज हा प्रकारच उरला नाही. ज्यांनी वचनापोटी जास्तीचे पैसे मोजले होते, त्यांच्या पदरात हलतं चित्र आणि पत्त्यांचा डाव पडला. मराठीत विंडोज वापरू पाहणाऱ्याला तर अल्टिमेटची गरजच नव्हती, कारण मराठीचा भाषा-पॅक फुकट मिळत होता.

व्हिस्टा आलं त्याच महिन्यात, जानेवारी २००७ मध्ये, लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी विंडोज होम सर्व्हर जाहीर केला. ही कल्पना मला आजही मनापासून आवडते. पडदा नाही, कीबोर्ड नाही, कोपऱ्यात ठेवायची एक पेटी. घरातल्या दहापर्यंत संगणकांची प्रत ती रोज रात्री आपणहून घेई. तोच भाग दोन संगणकांत असला तर एकदाच साठवी. एखाद्या संगणकाची डिस्क गेली, तर नवी बसवून सीडी घालायची, की कालचा संगणक जसाच्या तसा परत. जागा कमी पडली तर कुठल्याही मापाची आणखी एक डिस्क सरकवायची. नोव्हेंबर २००७ मध्ये एचपीची पेटी ५९९ डॉलरपासून मिळू लागली. ज्यांनी ती घेतली, त्यांतल्या अनेकांचा तिच्यावर जीव होता.

तरीही ती घराघरांत गेली नाही. घरातल्या माणसाला सर्व्हर नको असतो, त्याला फोटो हवे असतात. पेटी विकणाऱ्यांनी सर्व्हर विकायचा प्रयत्न केला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं आईला घरात सर्व्हर कशाला, असं विचारणाऱ्या मुलाचं गमतीचं चित्रपुस्तकही काढलं. डिस्क जाईपर्यंत कुणाला तिची भीती वाटत नाही, आणि ६०० डॉलर आज द्यायचे असतात. त्यातून पहिल्याच वर्षी मोठा घाव बसला. एकाहून जास्त डिस्का असलेल्या पेटीवरची फाइल काही प्रोग्रॅममधून थेट तिथेच बदलली, तर ती बिघडू शकत होती. फायली सांभाळायला आणलेल्या पेटीतच हा दोष, आणि त्यावरची दुरुस्ती जुलै २००८ मध्ये आली. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं डिस्का जोडत जायची ती सोय पुढच्या आवृत्तीतून काढून टाकली. २०१२ मध्ये होम सर्व्हरच गुंडाळला आणि ४२५ डॉलरच्या, छोट्या कचेऱ्यांसाठीच्या आवृत्तीकडे बोट दाखवलं.

आता आपल्या घराकडे येऊ. प्रो आवृत्तीत दुसरीकडून आपला संगणक चालवण्याची विंडोजची स्वतःची सोय आहे, डिस्कच्या कुलपावर अधिक ताबा आहे, कचेरीच्या जाळ्यात सामील होता येतं. यांतलं काही तुम्हाला लागणार असेल, तर जरूर घ्या. मुलांचा अभ्यास, बँक, पत्रव्यवहार आणि सिनेमे एवढंच असेल, तर होम पुरतं. एक गोष्ट मात्र आजच तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत होम आवृत्तीतही डिस्कला कुलूप आपोआप लागतं, आणि त्याची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. दुकानातल्या मुलानं घाईत स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून दिलं असेल, तर किल्ली त्याच्याकडे आहे. ती शोधा, कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. किल्ली नसलेली कुलूपबंद डिस्क मी उघडू शकत नाही, दुसरंही कुणी उघडू शकत नाही.

नॅसच्या पेटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरात चार-पाच संगणक असतील, कुणी फोटोग्राफीचा किंवा व्हिडिओचा व्यवसाय करत असेल, आणि पेटीची देखभाल नेमकी कोण करणार त्या माणसाचं नाव तुम्ही सांगू शकत असाल, तर ती उत्तम वस्तू आहे. नाव सांगता येत नसेल, तर घेऊ नका. ती चोवीस तास चालते. वीज अचानक गेली तर चालू असलेलं लिखाण अर्धवट राहतं, म्हणून यूपीएस लागतो. तिच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घालाव्या लागतात. जून २०२१ मध्ये जगभरातल्या अनेकांच्या 'माय बुक लाइव्ह' पेट्या इंटरनेटवरून घुसलेल्यांनी एका झटक्यात कोऱ्या केल्या. त्या पेट्यांना २०१५ नंतर दुरुस्त्या मिळालेल्याच नव्हत्या. आणखी एक गैरसमज काढून टाका. पेटीत दोन डिस्का एकमेकींचा आरसा म्हणून चालत असल्या, तरी ती दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकाच क्षणी जातो.

क्लाउडबद्दलही सावध राहा. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, आणि फोटोंची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. गूगल फोटोज उघडून एखादा फोटो पुसलात, तर तो फोनवरून जातो आणि क्लाउडवरूनही. ६० दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. कित्येकांनी फोनमध्ये जागा करायची म्हणून असेच फोटो गमावले आहेत. वर्गणी भरायला माझी हरकत नाही. फोन हरवला, घरात पाणी शिरलं, तर क्लाउडच धावून येतो. फक्त ती तुमची एकमेव प्रत असू देऊ नका.

पैसे बेताचे असतील, तर दोन साध्या बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. दोन्हींवर सगळे फोटो उतरवा. एक घरी ठेवा, पण उतरवून झालं की तिची वायर काढा, म्हणजे संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही. दुसरी बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवा, आणि गणपतीला, दिवाळीला जाल तेव्हा बदलून आणा. पाच-सहा वर्षं झाली की नवी घ्या, जुनी चालत असली तरी.

डिस्क घरी आणली की काम झालं असं समजू नका. येत्या रविवारी ती दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकाला लावा, दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो शोधा आणि तो उघडतो का ते बघा.