सरकार हरलं का कधी?

कोर्टाचा निकाल आला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कोण जिंकलं?’ देश नवा असेल तर मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तिथलं सरकार कोर्टात कधी हरलं का? आणि हरल्यावर त्याने काय केलं?

पाकिस्तानचंच बघा. आपल्याबरोबर जन्मलेला देश, सुरुवातीला दोघांचाही कारभार १९३५च्या एकाच कायद्यावर चाललेला. तिथल्या संविधान सभेने सप्टेंबर १९५४मध्ये गव्हर्नर जनरलचे अधिकार कापले. महिनाभरात, २४ ऑक्टोबरला गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी अख्खी सभाच बरखास्त केली. तेव्हा राज्यघटनेचा मसुदा जवळपास तयार होता!

सभेचे अध्यक्ष तमिझुद्दीन खान कोर्टात गेले. कराचीच्या सिंध चीफ कोर्टात ते जिंकलेही. पण मार्च १९५५मध्ये फेडरल कोर्टाने हा निकाल फिरवला. कारण काय, तर हायकोर्टाला असे आदेश काढण्याचा अधिकार देणाऱ्या दुरुस्तीवर गव्हर्नर जनरलची संमतीच नव्हती. सात वर्षं सभा घटनाविषयक कायदे अशा संमतीशिवाय करत होती, कुणाची तक्रार नव्हती. बरखास्ती योग्य की अयोग्य, हे सरन्यायाधीश मुनीर यांच्या कोर्टाने ठरवलंच नाही. दारच बंद केलं. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती कॉर्नेलियस विरोधात होते.

मला राग येतो तो या तांत्रिकपणाचा. संमती नाही म्हणून एक कायदा गेला, तर तसे बाकीचे कायदेही लटकले. मग कारभार चालावा म्हणून त्याच कोर्टाला ‘गरज’ नावाचं तत्त्व शोधावं लागलं. एकदा वाकलं की दुसऱ्यांदा वाकणं सोपं जातं. ऑक्टोबर १९५८मध्ये अध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी घटना मोडून मार्शल लॉ आणला. यशस्वी क्रांती स्वतःच कायदा ठरते, असं म्हणत कोर्टाने त्यावरही शिक्का मारला. ज्या दिवशी हा निकाल आला त्याच रात्री जनरल अयुब खान यांनी मिर्झांना घालवलं. यशस्वी क्रांती ती हीच!

आपल्याकडे १९५०मध्ये मद्रास सरकारने मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाला राज्यात बंदी केली. सुप्रीम कोर्ट सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. कोर्टाने बंदी उडवली. सरकार चिडलं आणि १९५१मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून मोकळं झालं. मला ती दुरुस्ती आवडत नाही. पण त्यासाठी सरकारला संसदेत उभं राहून तासन्‌तास टीका ऐकावी लागली. कोर्टाला कुलूप लागलं नाही. हा फरक छोटा नाही.

तरी ‘आम्ही बरे’ म्हणून कॉलर ताठ करू नका. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या लोकांना दाद मागता येते, असं अनेक हायकोर्टांनी म्हटलं. १९७६मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुसून टाकलं. तेही चार विरुद्ध एक. ते एक होते न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पाकिस्तानात कॉर्नेलियस पुढे १९६०मध्ये सरन्यायाधीश तरी झाले. खन्नांना पुढच्याच वर्षी डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.