स्थलांतर आणि हस्तांतर

बडोद्याच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून विद्यापीठाच्या दिशेने चालू लागले म्हणजे जी वस्ती लागते, त्या सयाजीगंजात आज उपाहारगृहे, शिकवणीचे वर्ग, प्रवासी कंपन्यांच्या कचेऱ्या आणि बहुमजली व्यापारी संकुले यांची इतकी दाटी झाली आहे की, त्यांच्या आड अजूनही काही बैठी घरे आणि जुन्या सोसायट्या तग धरून आहेत व त्यांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे एकेकटी राहत आहेत, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. यांपैकी पुष्कळ घरे मराठी. पूर्वज गायकवाडांच्या दरबारात चाकरीला आले, पुढची पिढी विद्यापीठात, रेल्वेत नाही तर बँकेत नोकरी करून निवृत्त झाली, आणि तिच्यापुढची पुण्यास, बंगळुरास, अमेरिकेस किंवा याच शहराच्या गोत्री-भायलीकडील नव्या इमारतींत जाऊन स्थिरावली. मागे उरलेल्या आईला किंवा वडिलांना आता आपल्याकडे आणावे, हा विचार या मुलांच्या मनात वर्षानुवर्षे घोळत असतो. परंतु त्याचा निकाल मात्र बहुधा एखाद्या संकटाच्या धास्तीने एका रात्रीत लागतो.

असे संकट या शहरावर अलीकडेच येऊन गेले. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला होता, त्याची आठवण पुसट होते न होते तोच ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांच्या वर चढली, लष्कराच्या तुकड्यांना पाचारण करावे लागले, आणि तळमजल्यावरील वृद्धांना शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेल्याच्या हकीकती घरोघर सांगितल्या गेल्या. अशा प्रसंगी परगावी बसलेल्या मुलाच्या जिवाची काय घालमेल होते, हे निराळे सांगावयास नको. आणि पाणी ओसरताच तो येऊन आईला आपल्या घरी घेऊन गेला, तर त्यात गैर ते काय, असे कोणीही विचारील. गैर काहीच नाही. गैर घडते ते पुढे, जेव्हा त्याच मुक्कामात, त्याच घाईत, ओलसर भिंतींचा वास नाकातून गेलेला नसतानाच, या घराचे आता काय करायचे हा प्रश्न निघतो आणि आईची सही होऊन जाते.

माझे म्हणणे एवढेच की, वृद्ध माणसाचे स्थलांतर आणि त्याच्या मालमत्तेचे हस्तांतर ही दोन सर्वस्वी भिन्न कार्ये असून ती एकाच वेळी, एकाच बैठकीत, एकाच गाडीभाड्यात उरकू नयेत. पहिल्या कार्याचा हेतू त्या माणसाची सुरक्षितता हा असतो, तर दुसऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी त्याचा लाभ दुसऱ्या कोणास होतो. आणि दोन्ही एकत्र झाली म्हणजे मायेने नेले की मालमत्तेसाठी नेले, हा संशय नेणाऱ्याच्या भावंडांना, शेजाऱ्यांना आणि शेवटी खुद्द आईलाही छळू लागतो. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्याच्या नावे स्वतःचे घर उभे आहे, तो मुलाकडे राहावयास येतो तेव्हा आपल्या इच्छेने येतो व न रुचल्यास परत जाऊ शकतो. घर देऊन टाकलेला मनुष्य मात्र त्याच खोलीत, त्याच पलंगावर, तेच जेवण जेवूनही आश्रित होतो.

सयाजीगंजासारख्या वस्तीत ही दोन कार्ये एकमेकांत गुंतण्यास बाह्य कारणेही आहेत. स्थानकाजवळची जागा म्हणून तिला गिऱ्हाइकांची वाण नाही; आणि गुजरातेत २५ वर्षांहून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासास ७५ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरविणारी दुरुस्ती कायद्यात झाल्यापासून, एकट्या वृद्ध सभासदाने नको म्हटल्याने काम अडत नाही. मग घर रिकामे करावेच लागते. परंतु घर रिकामे करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे: नवी सदनिका कोणाच्या नावे व्हावयाची, मधल्या काळाचे भाडे कोणाच्या खात्यात जमा व्हावयाचे, हे त्या वृद्ध मालकाच्याच नावाने कागदावर आले पाहिजे, आणि सोयीसाठी म्हणून करून घेतलेले कुलमुखत्यारपत्र हे सोयीपुरतेच मर्यादित राहिले पाहिजे.

कायद्याने या विषयाची दखल घेतली नाही असे नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ असे सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर साठी उलटलेल्या माणसाने बक्षीस किंवा अन्य मार्गाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. न्यायाधिकरण म्हणजे सामान्यतः प्रांत अधिकाऱ्याची कचेरी. तेथे वकिलाचे प्रयोजन नाही. परंतु खरी अडचण 'अट' या दोन अक्षरांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये असा निर्णय दिला की, अशी अट होती हे सिद्ध झाल्यावाचून कलम २३ लागू होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेच्या दाव्यात, तिने मुलास करून दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरविताना, हा कायदा वृद्धांच्या हितासाठी असल्यामुळे त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे सांगून घराचा कबजा तिला परत देवविला. हा निर्णय स्वागतार्ह खरा. तथापि २०१९ साली लिहिलेल्या दस्तऐवजाची दाद २०२५ साली दिल्लीत लागावी, एवढे आयुष्य किती जणांच्या हाती शिल्लक असते?

स्वेच्छेने केलेले स्थलांतर उतारवयातही किती फलदायी होऊ शकते, याचे उदाहरण बडोद्याच्याच इतिहासात आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सयाजीराव महाराजांच्या पदरी तीन तपे नोकरी केली आणि १९२५ मध्ये, वयाची साठ वर्षे पुरी झाल्यावर, बडोदे सोडून ते पुण्याजवळ कामशेत येथे जाऊन राहिले. पुत्रवियोगाचे दुःख पाठीशी असताना त्या लहानशा गावात त्यांनी पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, ऐंशी उलटल्यावर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत सिद्ध केला, आणि १९५९ साली तेथेच देह ठेवला. सर्वांना सरदेसाई होता येत नाही, हे खरेच. पण गाव कोणते, बेत कोणता आणि निघावयाचे केव्हा, हे जाणाऱ्याने स्वतः ठरविले असता साठीनंतरचा मुक्काम केवळ दिवस कंठण्याचा राहत नाही, हा बोध सर्वांसाठी आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. जो मुलगा आईसाठी मोठे घर घेतो, जी सून अथवा लेक रात्री-अपरात्री उठून तिचे सारे करते, त्यांनी पदरमोड करीत राहावे आणि परदेशी बसलेल्या भावंडांनी सारखा वाटा घ्यावा, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर बक्षीसपत्र नव्हे, मृत्युपत्र हे आहे. रीतसर नोंदलेले बक्षीसपत्र देणाऱ्याला आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्धीवर असेतोपर्यंत कितीही वेळा बदलता येते, आणि सेवा करणाऱ्याचे ऋण त्यात नावानिशी, कारणासह नमूद करता येते. तूर्तास जुने घर भाड्याने देऊन ते भाडे आईच्या खर्चास लावावे व त्याचा हिशेब सर्व भावंडांसमोर ठेवावा. स्मृतिभ्रंशाने ज्यांचा निर्णय त्यांच्या हाती राहिला नाही, त्यांच्या बाबतीत हलविण्याचा निर्णय मुलांनी घेणे प्राप्तच आहे. पण तेथे तर मालमत्तेला हात न लावण्याचे बंधन अधिकच कडक असावे.

राहता राहिली प्रत्यक्ष हलविण्याची गोष्ट. पहिले काही महिने जुने घर तसेच ठेवावे आणि किल्ली आईजवळ असू द्यावी, म्हणजे नव्या ठिकाणचे राहणे हा मुक्काम वाटतो, हद्दपारी वाटत नाही. कोणते जिन्नस न्यावयाचे याची यादी तिने सांगावी व मुलांनी लिहावी. पलंग भिंतीच्या ज्या बाजूस होता त्याच बाजूस लावावा, कारण वृद्ध माणूस रात्री डोळ्यांपेक्षा सवयीने चालतो आणि मोरीच्या वाटेवरचा अनोळखी उंबरठा खुब्याच्या हाडाला भोवतो. देव तिच्या हाताने नव्या देव्हाऱ्यात बसावेत आणि चुलीवर दूध उतू घालण्याचा मानही तिचाच असावा, कारण या दोन गोष्टींनी ती पाहुणी न ठरता घरची ठरते. औषधांची चिठ्ठी, निवृत्तिवेतनाचे खाते, नोव्हेंबरातील हयातीचा दाखला, यांचा बंदोबस्त निघण्यापूर्वी व्हावा. आणि ज्या स्त्रीने चाळीस वर्षे लारीवाल्याशी गुजरातीत घासाघीस केली व कमाटी बागेत मैत्रिणींशी मराठीत सुखदुःख बोलली, तिला पुण्यातही नवखेपण जाणवणार, हे मराठी मुलखात नेतो आहोत या समाधानात विसरू नये.

कुटुंबांच्या सदसद्विवेकावर सारा भार टाकून शासनाने मात्र स्वस्थ बसावे, असे नाही. न्यायालयात सारा वाद दस्तात अट होती की नव्हती यावर अडत असेल, तर साठ वर्षांवरील व्यक्तीने करून द्यावयाच्या प्रत्येक बक्षीसपत्राच्या नमुन्यात सांभाळाची अट आधीच छापलेली असावी, ती नको असल्यास देणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात तसे लिहावे, आणि दुय्यम निबंधकाने घेणाऱ्यास क्षणभर बाहेर बसवून कलम २३ चा अर्थ देणाऱ्यास त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचा शेरा दस्तावर मारावा. यास नवा कायदा लागत नाही, फारसा खर्चही लागत नाही. आणि आईची सही खरोखरच राजीखुशीची असेल, तर ज्या मुलाचे मन साफ आहे त्याने या चार ओळींना हरकत घेण्याचे काहीच कारण नाही.