पेप्टाइडही अजिंक्य नाही

जीवाणूंना प्रतिजैविकांची सवय होते, जीवाणूनाशक पेप्टाइडांची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची) होत नाही, असा दावा अनेकदा केला जातो. त्याची मांडणी अशी: पेप्टाइड थेट जीवाणूच्या पटलावर घाव घालते, पटल बदलायचे तर जीवाणूला जीवच पणाला लावावा लागेल, शिवाय बेडकापासून माणसापर्यंत सगळ्यांच्या अंगात हे अस्त्र लक्षावधी वर्षे टिकून आहे. तर्क आकर्षक आहे, पण टिकत नाही.

प्रतिकार उद्भवणे जवळजवळ अशक्य, असे म्हणणारे संशोधक मायकेल झॅस्लॉफ यांनीच सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेक्सिगॅनन या पेप्टाइडची मात्रा हळूहळू वाढवत नेली. सहा-सातशे पिढ्यांत बहुतेक जीवाणू-वसाहती त्याला दाद देईनाशा झाल्या.

पटल मोडून नवे बांधण्याची जीवाणूला गरजच पडत नाही. कोलिस्टिन या पेप्टाइड औषधावर धन प्रभार असतो, जीवाणूच्या बाह्य पटलातल्या लिपिड-ए वर ऋण. त्या ओढीनेच औषध चिकटते. एमसीआर-१ जनुकापासून बनणारे विकर लिपिड-ए वर फॉस्फोइथॅनॉलअमाइन बसवते. ऋण प्रभार घटतो आणि औषधाची पकड सुटते. क्लेब्सिएला या जीवाणूत तर एमजीआर-बी हे लगाम धरणारे जनुक निकामी झाले तरी पुरते. शिवाय एमसीआर-१ प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असते, म्हणून एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते.

प्रतिकाराचा हा धडा शेतीत, जालन्याला तरी, नवा नाही. २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेली पहिली बीटी कपाशी इथेच वाढलेल्या महिको या बियाणे कंपनीची. बोंडअळीचा प्रश्न मिटला, असे तेव्हा वाटले. बियाण्याच्या पाकिटासोबत कडेने लावायला १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळे, सरावलेल्या अळीचीच पैदास होऊ नये म्हणून. अनेकांनी ते लावलेच नाही. २०१७ मध्ये बोंड फोडले की आत गुलाबी अळी. जनुके वेगळी, पण निवडीचा नियम तोच.

मग पेप्टाइडे टाकून द्यायची? मुळीच नाही, ती राखून वापरायची. चीनने २०१७ मध्ये जनावरांच्या खाद्यातून कोलिस्टिन काढले आणि एमसीआर-१ चे प्रमाण जनावरांत आणि माणसांतही घटले. भारतानेही जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. ती प्रत्येक पोल्ट्रीत पाळली जाते का, हे तपासलेच पाहिजे. रुग्णालयात कल्चर तपासून गरज दिसली तरच कोलिस्टिन द्यावे. आणि नवे पेप्टाइड आणणाऱ्याने 'प्रतिकार येणार नाही' अशी हमी देऊ नये. तो कसा येईल आणि कसा लांबवता येईल, हे आधी दाखवावे.