गुळवेल विका, पण रोजचा काढा जपून

अंबरनाथच्या बुवापाड्यापासून वांगणीपर्यंत पावसाळ्यात कुंपणं बघा, कुठे ना कुठे गुळवेल चढलेली दिसतेच. हृदयाच्या आकाराचं पान, खोडावर पापुद्र्यासारखी साल, ती नखाने खरवडली की आत हिरवं. चवीला कडूजहर. तापावर हिचा काढा आपल्याकडे जुनाच. पण कोरोनात हिचा भाव वाढला आणि दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या.

पहिली आपल्याच जिल्ह्यातली. शहापूरच्या कातकरी तरुणांनी संस्था काढून वनधन केंद्रामार्फत गुळवेल विकायला घेतली. २०२१ मध्ये त्यांना औषध कंपन्यांकडून ३५० टनांची, १ कोटी ५७ लाखांची ऑर्डर मिळाली. हिशेब केला तर किलोला ४५ रुपयांच्या आसपास. २०२० मध्ये केंद्राने हमीभाव २१ वरून ४० केला होता. ज्या समाजाला दरवर्षी वीटभट्टीची वाट धरावी लागते, त्याला हा पैसा मोठा आहे.

दुसरी गोष्ट मुंबईची. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांचं यकृत बिघडल्याचं डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते फेटाळलं. वनस्पती नीट तपासली नाही, तिच्यासारखी दुसरी वेल असू शकते, असं म्हटलं. अशी वेल आहे खरी. तिच्या खोडावर दाट चामखिळीसारखे फोड असतात आणि कापली की दुधासारखा चीक येतो. तसली वेल दिसली तर हात लावू नका.

पण सगळं खापर त्या वेलीवर फोडून चालणार नाही. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद आली, आणि तपासलेले नमुने खऱ्या गुळवेलीचे निघाले. बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉइड, मधुमेह असे आजार होते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, संधिवात किंवा यकृताचा आजार असेल, बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नकोच. धडधाकट माणसानेही चहासारखा महिनोन्महिने पिऊ नये, असं आमचं मत. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक बंद झाली की काढा थांबवा, दवाखाना गाठा आणि काय घेत होतो ते लपवू नका.

आणि तोडणाऱ्यांनो, वेल मुळासकट उपटू नका. बुडखा राहिला तर पुढच्या पावसात तिथूनच फुटवा येतो.